कंदाला आधी बुरशीनाशक, मग मित्रबुरशी? पैसे पाण्यात!

पहूर (ता. जामनेर) : मृगबागेची लागवड जूनपासून सुरू होते. मर रोगाच्या धास्तीने केळीचे कंद कार्बेन्डाझिमच्या द्रावणात बुडवायचे अन् त्याच दिवशी खड्ड्यात ट्रायकोडर्मा टाकायचा, असा दुहेरी खर्च वाघूरकाठच्या शेतकरीभाऊंनी करू नये. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे हो! बुरशीनाशकाला त्यातली मित्र कोण, शत्रू कोण, हे कळत नाही. दोन्हींत निदान पंधरा दिवसांचे अंतर हवे.

ट्रायकोडर्मा नुसता टाकण्यापेक्षा चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत ओल धरून आठ-दहा दिवस मुरवावा, मग खड्ड्यात भरावा.

स्फुरदाची गोष्ट वेगळी. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत सुपर फॉस्फेटमधले बरेचसे स्फुरद चुन्याला चिकटून बसते. पीएसबी जिवाणू आम्ले सोडून त्यातले थोडेफार मोकळे करतात.

ह्युमिकच्या आळवणीने पांढरी मुळी फुटायला मदत होते, पण ते काही खत नव्हे. बाटली महाग पडली म्हणून युरिया-पोटॅशला कात्री लावू नका. आणि पाकिटावरची मुदत बघा. दुकानात उन्हात तापलेले जिवाणू फुकट मिळाले तरी घेऊ नका.