ऊन साठवा, पऱ्हाटीचा ढीग हटवा

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात खेड्यापाड्यांत पाणी तापवायला पऱ्हाटी जाळतात. तिच्या ढिगातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते अन् पुढच्या कपाशीवर येते. मग उन्हाचीच उष्णता साठवली तर?

साठवणीला पाणी उत्तम. तेवढ्याच वजनाच्या दगडापेक्षा ते सुमारे पाचपट उष्णता धरते. सौर बंबात १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेले, की जवळपास ४ युनिट विजेइतकी उष्णता टाकीत जमा झाली समजा. ती सकाळच्या आंघोळीपर्यंत टिकते टाकीच्या वेष्टणामुळे. वेष्टणात कोंडलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. वेष्टण भिजले की उष्णता निसटते. म्हणून:

१. टाकीचे व नळीचे वेष्टण कोरडे ठेवा, फाटले तर लगेच दुरुस्त करा.
२. रात्री विनाकारण गरम पाणी काढू नका. काढाल तेवढे थंड पाणी आत येते.
३. बादलीत आधी थंड पाणी घ्या, मग गरम. लेकरं भाजणार नाहीत.

ढगाळ दिवसांत चूल लागेलच. त्यासाठी तुराटी ठेवा. पऱ्हाटी मात्र वेचणी संपताच बारीक करून कंपोस्ट खताच्या खड्ड्यात घाला.