दुसऱ्या वाचनाची कादंबरी

जानेवारी 2020 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, 93वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलननगरीला तेरच्या संत गोरोबाकाकांचे नाव दिले होते आणि अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यानंतरचे संमेलन डिसेंबर 2021 मध्ये नाशिकला झाले. त्याचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे, म्हणजे मराठी विज्ञानकथेला घडवणाऱ्या लेखकाकडे गेले. सातशे वर्षांपूर्वीचा अभंग आणि उद्याची कथा, दोन्ही मराठीला आपली वाटतात, असा या दोन घटनांचा अर्थ काढता येईल. पण वाचकाचे वागणे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. अभंगातली ओळ कळली नाही तर वाचक थांबतो, कुणाला तरी विचारतो, पुन्हा म्हणतो. अनोळखी काळात घडणाऱ्या कादंबरीचे पहिले प्रकरण कळले नाही तर मात्र तोच वाचक पुस्तक मिटतो आणि ‘दुर्बोध’ म्हणून मोकळा होतो. या फरकाचे कारण कादंबरीपेक्षा आपल्या वाचनाच्या रीतीत आहे. अवघड मजकूर पुन्हा पुन्हा आणि चारचौघांत वाचायची रीत आपण पोथीपुरती ठेवली आणि कादंबरीला एकट्याच्या एका वाचनावर सोडून दिले, असे या लेखाचे म्हणणे आहे.

या प्रकारच्या कादंबरीचा सर्वांत गाजलेला नमुना अमेरिकेतला आहे. जीन वुल्फ हा पेशाने अभियंता. त्याची ‘द बुक ऑफ द न्यू सन’ ही कादंबरी 1980 ते 1983 या काळात चार भागांत आली. सूर्य विझत चाललेल्या अतिदूरच्या भविष्यातली ही कथा सांगतो सेव्हेरियन. तो छळ करणाऱ्यांच्या एका संघात उमेदवारी करत वाढलेला तरुण आहे. आपण काहीच विसरत नाही, असा त्याचा दावा आहे, पण तो सांगतो त्या गोष्टी मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. कादंबरीतले अवघड शब्द लेखकाने बनवलेले नाहीत. ते जुन्या ग्रीक, लॅटिन आणि विस्मृतीत गेलेल्या इंग्रजी साठ्यातून उचललेले आहेत. अजून जन्मालाच न आलेल्या भाषेतल्या हस्तलिखिताचा आपण अनुवाद करतो आहोत, अशी बतावणीही लेखक करतो. वाचकांचे सरळ दोन तट पडले. एका तटाला नायक नकोसा, कथानक भरकटलेले आणि शब्द अकारण जड वाटले. दुसऱ्या तटाने कादंबरी संपताच पहिले पान पुन्हा उघडले, एकमेकांशी वाद घातले, संदर्भ जुळवले. त्यातूनच 1994 साली या एका कृतीसाठी स्वतंत्र शब्दकोश प्रसिद्ध झाला. दोन्ही तटांनी वाचलेला मजकूर एकच होता. फरक वाचनाच्या संख्येचा आणि सोबतीचा होता.

मराठीत इतक्या दूरच्या भविष्यात जाणारी आणि इतकी गाजलेली कादंबरी नाही, पण तिच्या जवळची दोन उदाहरणे आहेत. आधी आपली सवय कशी घडली ते पाहू. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेसाठी नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. तिथून बहरलेल्या विज्ञानकथेचा एक हेतू विज्ञान समजावून सांगणे हा होता. त्यामुळे कथेत कोडे आले तर कुणीतरी शास्त्रज्ञ पात्र शेवटी ते उलगडून देणार, हा करार वाचकाच्या अंगवळणी पडला. त्या कराराने मराठीला पुष्कळ दिले आहे, त्याला कमी लेखायचे कारण नाही. पण जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’मधली ‘इस्किलार’ ही दीर्घकथा 1975 साली आली, ती हा करार पाळत नाही. तिचा देश ओळखता येत नाही, काळ ओळखता येत नाही, नावे कोणत्याही परिचित भाषेतली नाहीत, आणि जे घडते त्याचा उलगडा करायला कुणी पात्र पुढे येत नाही. नंदा खरे हेही वुल्फसारखे अभियंता. त्यांची ‘उद्या’ 2014 ची. तिचे भविष्य फार लांबचे नाही. सत्ता, कंपन्या आणि माणसांवरची पाळत यांचा मेळ ती मांडते, पण अनेक धाग्यांनी जाणारे कथानक वाचकाने स्वतः जुळवावे, अशी तिचीही अपेक्षा आहे.

या लेखकांभोवती जाहीर चर्चा कशाची झाली, हेही पाहण्यासारखे आहे. जी.एं.च्या ‘काजळमाया’ला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनकालावरून वाद उठला आणि जी.एं.नी पुरस्कार परत केला. ‘उद्या’ला 2020 चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला. समाजाने आपल्याला पुरेसे दिले आहे, या भूमिकेतून काही वर्षांपासून पुरस्कार न घेणाऱ्या खरे यांनी तोही नम्रपणे नाकारला. दोन्ही वेळा बातमी झाली ती पुरस्काराची. कथेतली माणसे तशी का वागतात, लेखकाने काय दडवले आणि कशासाठी, यावर वाचकांनी भरभरून वाद घातल्याचे चित्र तेवढ्या ठळकपणे दिसले नाही. जी.एं.वर समीक्षा विपुल आहे, त्यांच्या निवडक पत्रांचे खंड आहेत, त्यांच्यावर जीव टाकणारा वाचकही आहे. पण या प्रेमाचे आणि नाराजीचे रूप बहुधा एकच असते. लेखक आवडला किंवा अवघड वाटला, एवढ्यावर प्रतिक्रिया थांबते. अर्थ लावण्याचे काम समीक्षकाकडे सोपवले जाते आणि समीक्षा वाचनालयापर्यंत क्वचितच पोहोचते.

हा प्रश्न धाराशिवच्या संदर्भात मांडण्याचे कारण केवळ संमेलन नाही. वुल्फच्या कादंबरीतली मुख्य अडचण अशी आहे की पात्रे प्राचीन अवशेषांत राहतात आणि ते अवशेष मुळात काय होते, हे त्यांना ठाऊक नसते. सेव्हेरियनचा संघ ज्या मनोऱ्यात राहतो तो कधीकाळचे अवकाशयान आहे. लेखक हे कुठेच सरळ सांगत नाही, वाचकाने खुणांवरून ओळखायचे असते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या माणसाला ही स्थिती परकी वाटू नये. तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथातले तगर, रोमन जगाशी व्यापाराने जोडलेले नगर. तिथल्या मातीतून निघालेल्या वस्तू लामतुरे संग्रहालयात मांडलेल्या आहेत. तिथले विटांचे त्रिविक्रम मंदिर अनेक अभ्यासकांच्या मते मुळात बौद्ध चैत्यगृह होते. आज तिथे विष्णूची पूजा होते. धाराशिवची लेणीही अशीच. ती मूळ बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. अकराव्या शतकाच्या आसपास कनकामर मुनींनी अपभ्रंशात ‘करकंडचरिउ’ रचले. त्यात तेरापूरजवळच्या डोंगरात राजा करकंडाला आधीचेच एक जुने लेणे सापडते आणि तो तिथे आणखी लेणी करवतो. म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा कवीदेखील त्याच्याही आधीच्या, कर्ता हरवलेल्या लेण्याला कथेतून अर्थ देत होता. वास्तू टिकते आणि तिचा अर्थ बदलतो, हे या जिल्ह्यात डोळ्यांनी पाहता येते. दूरच्या भविष्याची कादंबरी याच अनुभवाला उलट्या दिशेने नेते. ती आपल्या आजच्या जगाला कुणाचे तरी तेर करते.

अर्थ लावण्याची साधनेही इथे जुनीच आहेत. ज्ञानेश्वरी 1290 मधली. तिची भाषा तीनशे वर्षांतच इतकी दुरावली आणि पाठ इतके बिघडले की 1584 साली एकनाथांना शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. तरीही ग्रंथ जिवंत राहिला, कारण तो एकट्याने एकदा वाचायचा नव्हता. पारायणे झाली, निरूपणे झाली, फडाफडांतून अर्थाचे वाद झाले. परांड्याच्या हंसराजस्वामींनी एकोणिसाव्या शतकात ओवीबद्ध वेदान्तग्रंथ लिहिले. ते काही करमणुकीचे वाचन नव्हे, पण त्यांनाही श्रोते होते. गोरोबाकाकांची प्रसिद्ध कथा या संदर्भात निराळी वाचता येते. कुंभाराच्या थापटण्याने संतांची डोकी तपासताना त्यांनी नामदेवांना कच्चे ठरवले, नामदेव रागावले आणि शेवटी विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. पहिला राग आणि मग पुन्हा शिकायला जाणे, हा क्रम अवघड कृतीच्या वाचकाचाही असू शकतो. आपला आजचा कादंबरीवाचक पहिल्या टप्प्यावरच थांबतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. पोथीमागे श्रद्धा असते, पुण्याची आशा असते. कादंबरीसाठी एवढे कष्ट कोण घेईल? शिवाय निरूपणकार बहुधा एकच अर्थ सांगतो, कादंबरीला अनेक अर्थ हवेत. यातला दुसरा भाग मान्य करायला हवा. कादंबरीला बुवा नको, मंडळ हवे. पण श्रद्धेविना कष्ट कुणी घेत नाही, हे खरे नाही. वुल्फच्या वाचकांना कोणतेच पुण्य मिळणार नव्हते. महाराष्ट्रातही 1974 साली सुरू झालेल्या ग्रंथालीने वाचकांची चळवळ उभी केली, ती कोणत्याही पोथीशिवाय. एकनाथांच्या भारुडांतली कोडी सोडवताना लोक हसतात, तो आनंद निव्वळ भक्तीचा नसतो. कोडे सुटण्याचा आनंद त्यात असतोच.

दुसरा आक्षेप असा की दुर्बोधतेचे असे समर्थन केले तर फसलेल्या लेखनालाही आसरा मिळेल. महानुभाव पंथीयांनी सकळ या सांकेतिक लिपीत पोथ्या लिहून वाचकांचे वर्तुळ मर्यादित ठेवले. काही आधुनिक लेखकही लिपी न बदलता तेच करतात. ही भीती रास्त आहे, म्हणूनच कसोटी सांगायला हवी. दुसऱ्या वाचनात पहिल्यापेक्षा जास्त दिसले, आधी फुटकळ वाटलेले तपशील एकमेकांना धरून उभे राहिले, तर अवघडपणा कामाचा होता. दुसऱ्या वाचनातही तेवढेच धुके राहिले, तर दोष लेखकाचा. ‘इस्किलार’ या कसोटीला उतरते, कारण तिच्यातली भाकिते शेवट ठाऊक असताना वाचली की निराळाच अर्थ देतात. पण ही कसोटी लावायची तर दुसरे वाचन व्हावे लागते. एका वाचनावर दिलेला निकाल, बाजूने असो वा विरुद्ध, कच्चाच असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. दुष्काळी जिल्ह्यातल्या वाचकाला त्याच्या जगण्याचे साहित्य द्या, कल्पनेतले देश कशाला? कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा बाजारात मातीमोल झालेल्या टोमॅटोची आणि शेतकऱ्याच्या संतापाची आहे. ती अभ्यासक्रमात गेली आणि घराघरांत पोहोचली. तिचे मोल वादातीत आहे. पण अशी कथा वाचणाऱ्याला दुसरे काही झेपणार नाही, हे गृहीतक अपमानकारक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लोहारा-उमरगा भागातली गावे भूकंपाने उद्ध्वस्त झाली आणि पुढे नव्या जागी वसली. जुने गाव आणि नवे गाव असे दोन काळ सोबत घेऊन जगणाऱ्या माणसांना जगाच्या अंतानंतरची कथा पलायन वाटेल की ओळखीची, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच आहे. पुस्तक त्यांच्यापर्यंत नेण्याआधीच आपण ते ठरवून टाकतो.

करण्यासारखे काम साधे आहे. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड वर्गांची सार्वजनिक वाचनालये तालुक्यातालुक्यात उभी आहेत, आणि 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनही साजरा होतो. त्या एका दिवसाच्या भाषणांऐवजी धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा इथल्या वाचनालयांनी एक अवघड कृती निवडावी आणि ती हिवाळाभर आठवड्यातून एकदा दहा-बारा जणांनी मोठ्याने वाचावी. सुरुवात ‘इस्किलार’ने करावी, मग ‘उद्या’ घ्यावी. कुणी अर्थ सांगणारा नेमू नये, फक्त वाद टिपून ठेवणारा असावा. शेवटच्या पानानंतर पहिले पान पुन्हा वाचावे, आणि त्यानंतर कुणाला ती कृती टाकाऊ वाटली तर त्याने तसे खुशाल म्हणावे. त्या निकालाला तेव्हा वजन असेल.