पूर, ओल आणि नवं फर्निचर

महाडच्या बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांना माळा असतो. लाकडी तुळयांवर जाड फळ्या टाकलेला, माणूस वाकून वावरेल एवढ्या उंचीचा. सावित्री आणि गांधारीचं पाणी गावात शिरायला लागलं की माल भराभर वर चढवायचा, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. घरांचंही तेच. धान्याची पिंपं, अंथरुणं, कागदपत्रं पावसाळ्यात माळ्यावर. दुसऱ्या शहरांत घर सजवायचं म्हटलं की चर्चा रंगापासून सुरू होते. महाडमध्ये ती ‘वस्तू वर कुठं न्यायच्या’ इथून सुरू झाली, तर ते शहाणपणाचं ठरतं.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. भरतीचा परिणाम महाडच्या आसपासपर्यंत पोचतो. त्यामुळे डोंगरावरून लोंढा यावा आणि खालून भरतीनं तो अडवावा, असा प्रसंग इथे पुन्हापुन्हा येतो. 22 जुलै 2021 ला तो फार भीषण रूपात आला. त्या 24 तासांत महाबळेश्वरला सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला आणि महाडच्या सखल भागातले तळमजले बुडाले. अनेकांना त्या वेळी माळाही पुरला नाही. पाणी ओसरल्यावर उरला तो चिखल, आणि त्यात फुगलेली प्लायवुडची कपाटं, गाद्या, सोफे, उलटे पडलेले फ्रिज.

यानंतरही मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून घर सजवण्याची हौस कमी झालेली नाही, आणि ती कमी व्हावी असंही काही नाही. हप्ते फेडून घेतलेलं घर देखणं असावं असं कुणालाही वाटणारच. फॉल्स सीलिंग, त्यात बसवलेले प्रोफाइल लाइट, टीव्हीमागे उभ्या पट्ट्यांचं पॅनेल, ट्रॉल्यांचं मॉड्युलर किचन, गुजरातेतल्या मोरबीहून आलेल्या मोठ्या चकचकीत टाइल्स, हे सगळं आज मुंबई-पुण्यासारखंच महाडच्या फ्लॅटमध्ये आणि पोलादपूरच्या बंगल्यांत दिसतं. मात्र यातल्या बऱ्याच गोष्टी कोरड्या हवेचा विचार करून बनलेल्या आहेत. ज्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तिथे त्या जशाच्या तशा चालत नाहीत.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी, कारण पैसा सगळ्यात जास्त तिथे जातो. मॉड्युलर किचनचे खालचे खोके स्वस्तात हवे असले की ते एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचे बनतात. लाकडाचा भुसा किंवा तंतू डिंकात दाबून केलेले हे तक्ते आहेत. एकदा पाणी प्यायले की ते फुगतात, आणि वाळल्यावर पूर्वीसारखे होत नाहीत. प्लायवुड त्याहून बरं, पण दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून जे दाखवलं जातं त्याच्यावरचा शिक्का वाचायला हवा. ‘एमआर’ असं लिहिलेलं प्लाय फक्त दमट हवा सोसू शकतं, ओल नाही. भारतीय मानक ‘आयएस 710’ चं मरीन प्लाय मात्र 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासलेलं असतं. तरीही पुराचं गढूळ पाणी सनमायकाच्या सांध्यांतून आणि स्क्रूच्या भोकांतून आत शिरतंच. म्हणून मरीन प्लाय हे ओलीवरचं उत्तर आहे, पुरावरचं नाही.

पुरावरचं उत्तर महाराष्ट्रातल्या साध्या स्वयंपाकघरांत फार वर्षांपासून आहे: विटांचा ओटा आणि त्याखाली कडप्प्याची मांडणी. पाणी गेलं की नळी लावून धुवायची, चुन्याचा हात फिरवायचा, पुन्हा भांडी लावायची. ती जुनाट दिसते ही तक्रार खरी, पण ती दूर करता येते. कडप्प्याच्याच कप्प्यांना ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं लावली, आत स्टेनलेस स्टीलच्या ट्रॉल्या बसवल्या, तर बाहेरून ते आजच्या कुठल्याही किचनइतकंच नीटस दिसतं. महाडच्या तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबानं लाकडी खोक्यांवर खर्च करण्याऐवजी हा मार्ग धरावा. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला तक्ता हाही हल्ली चालतो. तो फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही; पण उष्णतेनं तो मऊ पडतो आणि लांब फळी मध्ये झुकते, तेव्हा गॅसजवळ तो नको.

पलंगाबाबत एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. लहान घरात जागा वाचावी म्हणून बॉक्स पलंग घेतला जातो आणि घरातली सगळी अंथरुणं, पांघरुणं, लग्नातल्या साड्या त्याच्या पोटात जातात. पूररेषेतल्या तळमजल्यावर यापेक्षा वाईट जागा दुसरी नाही. पायांवर उभा, नटबोल्ट काढून सुटा होणारा पलंग आणि अंथरुणांसाठी वर पोटमाळा ही जुनी सोय इथे जास्त उपयोगाची. जमिनीला न टेकता भिंतीवर टांगलेली कपाटं आणि टीव्ही युनिटं हल्ली लोकप्रिय आहेत. ती खालून झाडता येतात, आणि गुडघाभर पाणी आलं तर वाचतात. छतापर्यंत पाणी चढलं तर ती वाचणार नाहीत, हेही घेताना लक्षात ठेवावं.

विजेचे बोर्डही असेच. नव्या फॅशनमध्ये ते जमिनीपासून फूटभरावर घेतात, म्हणजे दिव्याच्या वायरी दिसत नाहीत. पूर येणाऱ्या इंग्लंडमधल्या गावांत आता दुरुस्ती करताना प्लग मुद्दाम उंचावर नेतात आणि वायरिंग वरून खाली सोडतात. महाडमध्ये हे विनाखर्च जमण्यासारखं आहे, कारण तो फक्त इलेक्ट्रिशियनला आधी सांगण्याचा प्रश्न आहे. तळमजल्याचा वीजपुरवठा वेगळ्या एमसीबीवर ठेवला आणि इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर नेला, तर खाली पाणी असतानाही वर दिवा लागू शकतो.

महाडच्या इतिहासात घरसजावटीचं सगळ्यात जुनं उदाहरण शोधायचं तर गावाबाहेर महामार्गालगतच्या गांधारपाले लेण्यांत जावं. सुमारे तीस लेण्यांचा हा समूह इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला. तिथल्या एका शिलालेखात विष्णुपालित या राजकुमाराचं नाव आहे. भिक्षूंच्या खोल्यांमध्ये निजायचे ओटे सलग दगडातच कोरलेले आहेत, म्हणजे खोली आणि पलंग एकच. आणि हे सगळं नदीच्या पातळीपासून चांगलं वर, डोंगराच्या पोटात. खाडीच्या वाटेनं चालणारा व्यापार खाली, मुक्काम वर, ही निवड त्या काळी विचार करून केलेली असणार.

भिंती सजवण्याआधी भिंती धड आहेत का, हा प्रश्न महाडला तरी विसरता येत नाही. 24 ऑगस्ट 2020 ला काजळपुरा भागातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि 16 माणसं गेली. त्या इमारतीला जुनी म्हणावं एवढं तिचं वयही नव्हतं. आज पीव्हीसीचे पॅनेल आणि फॉल्स सीलिंग लावून पोपडे, तडे, गळती सहज झाकता येते, आणि तीच त्यांची धोक्याची बाजू आहे. पॅनेल लावण्याआधी ओल कुठून येते हे शोधावं, सीलिंगमध्ये उघडता येणारी एक चौकट ठेवावी, आणि हॉल मोठा करण्यासाठी खांब किंवा तुळई छेडू नये. जिप्समचं सीलिंग गळतीनं भिजलं की लोंबतं. ज्यांच्या डोक्यावर थेट गच्ची आहे त्यांनी त्यावर खर्च करताना दोनदा विचार करावा.

पोलादपूरकडे वळलं की प्रश्न बदलतो. नदीकाठचा काही भाग सोडला तर इथे पुरापेक्षा ओल आणि बंद घर यांचा त्रास अधिक. तालुक्यातल्या गावांतून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी गावात सिमेंटची घरं बांधली आहेत. ती उघडतात शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. आतली मांडणी मात्र डोंबिवली-विरारच्या फ्लॅटसारखी: गादीचा सोफा, भिंतीला चिकटवलेला वॉलपेपर, भिंतीला घट्ट बसवलेलं वॉर्डरोब, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. चार महिने पाऊस आणि कुलूप एकत्र आले की वॉलपेपर सुटतो, सोफ्याला बुरशी येते, आणि वॉर्डरोबच्या मागे वाळवी आपलं काम शांतपणे करत राहते.

जुन्या कौलारू घरात हे का होत नव्हतं? एक कारण म्हणजे पाखी भिंतीच्या बरीच पुढे आलेली असे आणि पागोळ्या दूर पडत. भिंत भिजतच नसे. आजच्या ‘बॉक्स’ एलेव्हेशनमध्ये छज्जा गायब झाला आहे, आणि पश्चिमेची भिंत जून ते सप्टेंबर थेट पावसाचा मारा खात उभी असते. आतून कितीही महागडा रंग लावला तरी ती ओल बाहेर येणारच. या भागातल्या आतल्या सजावटीची निम्मी दुरुस्ती बाहेरच्या छज्ज्यात आहे. दुसरं कारण हवेचं. कौलांच्या फटींतून, झरोक्यांतून घर श्वास घेत असे. नव्या घरात निदान खिडक्यांच्या वर सिमेंटच्या जाळीचे झरोके ठेवता येतात, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि पायांवर उभं करता येतं, आणि गादीच्या सोफ्याऐवजी वेताच्या किंवा लाकडी खुर्च्या घेता येतात.

छपराची गोष्ट वेगळी आणि थोडी दुःखाची आहे. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळूरला काढला. त्याआधी कोकणात कुंभारांनी घडवलेली नळीची कौलं होती. आता कौलं उतरत आहेत. दर वर्षी पावसाआधी शाकारणी करायला माणूस मिळत नाही, आणि वानरं उड्या मारून कौलं फोडतात. म्हणून पत्रा येतो. त्याचा निळा-लाल रंग डोळ्यांत भरतो, तो उन्हाळ्यात तापतो आणि आषाढातल्या सरीत आत बोललेलं ऐकू येत नाही. पत्र्यावरच जुनी कौलं रचून घ्यायची युक्ती काही जण करतात. गळती पत्रा अडवतो, ऊन कौलं अडवतात. हा उपाय महाग असला तरी चांगला आहे. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी पत्र्याखाली बांबूच्या चटईचं छत घातलं तरी उष्णता आणि आवाज दोन्ही पुष्कळ कमी होतात.

या बांबूवरून कारवी आठवते. सह्याद्रीच्या या उतारांवर कारवी दाट माजते आणि तिच्या काठ्यांचा कूड विणून, त्यावर माती-शेणाचा गिलावा देऊन भिंती उभ्या करण्याची पद्धत डोंगरातल्या वाड्यांत आणि आदिवासी वस्त्यांत अजून दिसते. शहरातली मासिकं सध्या ज्याला नैसर्गिक पोत म्हणतात तो हाच. रंगांचा जागतिक कल सांगणाऱ्या पॅन्टोन कंपनीनं 2025 साठी मातकट तपकिरी छटा निवडली होती. सारवलेली जमीन, गेरूची भिंत आणि काळपट ऐनाचे खांब असलेल्या घराला हा कल नवा नाही. जुनं घर पाडताना त्याचे खांब, चौकटी आणि ओटीवरचा झोपाळा भंगारात विकले जातात, आणि तेच पुढे शहरातल्या हॉटेलांत आणि फार्महाउसांत चढ्या किमतीला बसवले जातात. ते विकू नयेत. नव्या बंगल्याच्या व्हरांड्यात तेच खांब उभे केले, तर बाजारातून काही आणावं लागत नाही. भिंतीवर शिवरायांचा रायगडावरचा राज्याभिषेक, 20 मार्च 1927 च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे बाबासाहेब, आणि वारकऱ्यांच्या घरी विठ्ठल, अशा तसबिरी या भागात कितीतरी घरांत दिसतात. त्यांना काढून परदेशी चित्रांचे संच लावण्याची गरज नाही. त्यांच्यावर नीट उजेड पडेल असा एक दिवा पुरेसा आहे.

डोंगरात बांधताना जागेचा विचार सगळ्याच्या आधी. 2021 च्या त्याच 22 जुलैला महाड तालुक्यात तळियेच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळून 80 हून अधिक माणसं गेली, आणि त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी इथेही दरडींनी बळी घेतले. तळियेच्या पुनर्वसनाचं काम पुढे म्हाडाकडे गेलं. नव्या बंगल्याला सपाट अंगण हवं म्हणून उतार उभा कापला की वरची ओली माती आधाराशिवाय उरते. ज्याच्याकडे सजावटीसाठी पैसे आहेत, त्यानं त्यातला पहिला हिस्सा मागच्या दरडीला आधार देणाऱ्या भिंतीवर आणि पाणी वळवणाऱ्या चरावर घालावा.

शेवटी वेळेचं गणित. सुतारकाम दसऱ्यानंतर काढावं. हवा कोरडी असते, प्लाय आणि लाकूड स्थिर राहतं, फेविकॉल नीट धरतं. पावसाळ्यात बसवलेलं दार डिसेंबरात आक्रसतं आणि फट पडते. रंगकाम बहुतेक घरांत गणपतीच्या तोंडावर, भर श्रावणात घाईनं होतं, आणि ओलसर भिंतीवर पुट्टी चढवल्यानं दिवाळीपर्यंत तिचे पोपडे सुटतात. तेच काम एप्रिल-मेमध्ये केलं, ज्या भिंतीला ओल येते तिथे प्लास्टिक रंगाऐवजी चुना किंवा ओल बाहेर सोडणारा रंग लावला, आणि गणपतीआधी भिंत नुसती पुसून घेतली, तर मखराच्या मागची भिंत स्वच्छ राहते. 2018 पासून राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी असल्यानं मखरही आता कापड, कागद आणि बांबूचं करतात. उत्सव संपला की ते सुटं करून माळ्यावर ठेवलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतं.