हाँगकाँगची शिबंदी
(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी एक प्रश्न टाकला होता. एखाद्या प्रदेशाला स्वतःचे सरकार, स्वतःचे पोलीस, स्वतःची न्यायालये, इतकेच काय, स्वतःचे चलनही दिले. तर मग तिथे मध्यवर्ती सत्तेने सैन्य कशासाठी ठेवायचे? मी पटकन म्हणाले, "पूर आला तर." सारा वर्ग हसला. सरही हसले. पण मी सांगलीची. ऑगस्ट २०१९ मध्ये मी नववीत होते आणि आमच्या गल्लीत पहिल्या मजल्याला पाणी लागले तेव्हा आजीला खिडकीतून उचलून बोटीत बसवणारे हात लष्करी जवानांचे होते. माझ्या मनात सैनिक म्हणजे बोट, हे समीकरण पक्के बसले आहे. सर म्हणाले, "बरं, मग हाँगकाँगचं वाचून ये." वाचून आले, त्यातूनच हा लेख झाला.

'शिबंदी' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. गड घेणारा जुनी शिबंदी उतरवतो आणि आपली चढवतो. तोवर गड ताब्यात आला असे कोणी म्हणत नाही. हाँगकाँगला ३० जून १९९७ च्या रात्री नेमके हेच झाले. रात्री नऊच्या सुमारास चिनी जनमुक्ती सेनेचे ५०९ सैनिक सीमा ओलांडून आत आले. मध्यरात्री ब्रिटिश ध्वज उतरला. पहाटे सहाला आणखी सुमारे चार हजार सैनिक आले, उघड्या ट्रकांतून आणि चिलखती गाड्यांतून, भर पावसात. बंदराकाठच्या 'प्रिन्स ऑफ वेल्स' इमारतीत पाहारा बदलला. ही अठ्ठावीस मजल्यांची इमारत खाली निमुळती आणि वर रुंद आहे, जणू बाटली उलटी करून ठेवली आहे. ब्रिटिश लष्कराचे मुख्यालय तीच होती, चिनी लष्कराचे मुख्यालयही तीच झाली. घर तेच राहिले आणि बिऱ्हाड बदलले.

बिऱ्हाड बदलण्याआधी जागांची वाटणीही झाली होती. ब्रिटिश लष्कराकडे एकोणचाळीस जागा होत्या. १९९४ च्या करारानुसार त्यांतल्या चौदा चिनी सेनेला मिळाल्या, उरलेल्या पंचवीस हाँगकाँग सरकारने विकासासाठी घेतल्या. जिथे इंचभर जमिनीला सोन्याचा भाव, तिथे हा व्यवहार किती घासाघीस करून झाला असेल याची कल्पना करावी.

या जागांशी आपलेही थोडे नाते आहे. १८४१ साली इंग्रजांनी हाँगकाँग बेट घेतले तेव्हा त्यांच्या फौजेत हिंदी शिपाई होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हल्ला केला तेव्हा राजपूत आणि पंजाब रेजिमेंटच्या पलटणी तिथे लढल्या आणि नाताळच्या दिवशी शहर पडले. शेजारच्या पोर्तुगीज मकावमध्ये तर १८७४ ची एक देखणी बराक आजही उभी आहे. मकावच्या पोलिसांना कुमक म्हणून गोव्याहून पलटण आणली होती, तिच्यासाठी ती बांधलेली. म्हणजे पराया धन्यासाठी पराया शहरात शिबंदी होऊन राहणे आपल्या माणसांनीही केले आहे. असो.

खरा प्रश्न असा की, चीनला १९९७ मध्ये सैन्याची गरज काय होती? हाँगकाँगवर कोण चालून येणार होते? सीमेपलीकडे शेनझेनमध्ये हवे तितके सैन्य असताना शहरात ते कशाला? हा प्रश्न चिनी पुढाऱ्यांनाही पडला असावा, कारण मे १९८४ मध्ये बीजिंगच्या काही ज्येष्ठ नेत्यांच्या नावाने अशी बातमी पसरली की सैन्य ठेवले जाणार नाही. त्यावर डेंग झियाओपिंग पत्रकारांदेखत भडकले. ते सारे खोटे आहे असे त्यांनी तिथेच ठणकावले. त्यांचे म्हणणे सोपे होते: सैन्य ठेवण्याचा अधिकार नसेल, तर ती भूमी चीनची कशी म्हणायची? म्हणजे शिबंदीचे पहिले काम लढणे नव्हेच. तिचे पहिले काम म्हणजे तिथे असणे.

त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटन आणि चीन यांचा संयुक्त जाहीरनामा झाला. त्यात सैन्याबाबत एक अट घातली गेली: ते संरक्षणापुरते राहील, हाँगकाँगच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करणार नाही आणि त्याचा खर्च मध्यवर्ती सरकार सोसेल. (ब्रिटिश काळात शिबंदीच्या खर्चाचा मोठा वाटा हाँगकाँगकरांच्याच खिशातून जात असे. तेव्हा खर्चाची ही अट वाटते तितकी किरकोळ नव्हती.) पण कागदावर शाई वाळते न वाळते तोच जून १९८९ आला. बीजिंगच्या तिआनानमेन चौकात त्याच जनमुक्ती सेनेने स्वतःच्याच विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. हाँगकाँगमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले. आठ वर्षांनी हेच सैन्य आपल्या शहरात राहायला येणार, हे त्यांना ठाऊक होते. त्या मोर्च्यात चालणाऱ्याला तहाचे कलम वाचून किती धीर आला असेल?

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९० मध्ये, हाँगकाँगचा 'मूलभूत कायदा' संमत झाला. त्याचे चौदावे कलम या विषयाचा गाभा आहे. संरक्षण मध्यवर्ती सरकारकडे; सार्वजनिक सुव्यवस्था हाँगकाँगच्या सरकारकडे. सैन्य स्थानिक कारभारात हस्तक्षेप करणार नाही. मात्र सुव्यवस्था राखण्यासाठी किंवा आपत्तीत मदतीसाठी हाँगकाँग सरकार गरज पडल्यास मध्यवर्ती सरकारला विनंती करू शकेल. सैनिकांनी राष्ट्रीय कायद्यांबरोबर हाँगकाँगचे कायदेही पाळायचे. १९९६ च्या अखेरीस शिबंदीसाठी वेगळा कायदा झाला, त्यात बारकावे आले. विनंती मान्य झाली तर सैन्याने बाहेर पडावे, पण आपल्याच अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली. आणि काम संपताच तडक बराकीत परतावे. सैनिकाने गुन्हा केला तर खटला लष्कराकडे. पण कामावर नसताना त्याने तिथल्या रहिवाशाला इजा केली तर खटला हाँगकाँगच्या न्यायालयात. आणि एक खिडकी उघडी ठेवलेली आहे: राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेच्या स्थायी समितीने आणीबाणी किंवा युद्धस्थिती जाहीर केली, तर विनंतीचा प्रश्नच उरत नाही.

आपल्याकडेही नागरी प्रशासनाने बोलावल्याशिवाय लष्कर दंगलीत वा पुरात उतरत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचे पत्र लागते. पूर ओसरल्यावर आमच्या शेजारचे एक निवृत्त सुभेदार मला म्हणाले होते, "पोरी, आम्ही बोलावल्याशिवाय येत नाही, आणि काम झालं की थांबत नाही." तेव्हा मला ते नुसते शिस्तीचे बोलणे वाटले. चौदावे कलम वाचताना कळले की 'बोलावणे' या एका शब्दावर केवढा डोलारा उभा असतो.

पहिली वीस-बावीस वर्षे हाँगकाँगची शिबंदी जवळजवळ अदृश्य होती. सहा हजारांच्या आसपास सैनिक भिंतींच्या आत राहत. गणवेशात बाजारात फिरणे नाही, शहरवासीयांत मिसळणे नाही. वर्षातून एक-दोनदा बराकी लोकांना पाहण्यासाठी खुल्या होत, तेव्हा मुलाबाळांना घेऊन लोक रांगा लावत. दरवर्षी सैनिकांची अदलाबदल होई, तीही रात्री. शेजारच्या मकावचा अनुभव निराळा आहे. तिथे १९९९ च्या हस्तांतरानंतर सैन्य आले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये 'हातो' वादळाने शहराची दैना केली तेव्हा मकाव सरकारने रीतसर विनंती केली. सुमारे हजार सैनिकांनी रस्त्यांवरचा चिखल-कचरा उपसला. कलम जसे लिहिले होते तसेच वापरले गेले, कोणाची तक्रार नव्हती. माझ्या सांगलीच्या बोटीसारखेच ते वाटते.

पण २०१९ चे हाँगकाँग वेगळे. आरोपींना मुख्य भूमीवर सोपवण्याच्या विधेयकाविरुद्ध जूनपासून आंदोलन पेटले होते. जुलैत बीजिंगच्या संरक्षण मंत्रालयाच्या प्रवक्त्याने पत्रकारांना चौदाव्या कलमाची आठवण करून दिली. एवढ्यानेच शहरात धस्स झाले. ऑक्टोबरात निदर्शकांनी काउलून टाँगच्या बराकीवर लेसरचे झोत टाकले, तेव्हा गच्चीवर पिवळा इशारेवजा फलक दिसला: तुम्ही कायदा मोडत आहात. आणि मग १६ नोव्हेंबरला त्याच बराकीतून सैनिक बाहेर पडले. बंदुका नव्हत्या, गणवेश नव्हता. टी-शर्ट, अर्ध्या विजारी, हातांत लाल बादल्या. बाप्टिस्ट विद्यापीठाजवळच्या रस्त्यावर आंदोलकांनी पसरलेल्या विटा त्यांनी उचलल्या आणि ते आत निघून गेले.

हाँगकाँग सरकारने सांगितले, आम्ही विनंती केली नव्हती. सैनिकांनी स्वयंस्फूर्तीने केलेले ते समाजकार्य आहे. आदल्या वर्षी 'मांगखुत' वादळानंतरही शिबंदीने पडलेली झाडे अशीच न बोलावता हटवली होती, हेही खरे. लोकशाहीवादी आमदारांनी मात्र आक्षेप घेतला: बोलावले नव्हते, तर आले कसे?

मी या प्रसंगावर बराच वेळ अडले. एका बाजूला वाटे, विटाच तर उचलल्या! रस्ता मोकळा झाला, रहिवासी आधीपासून तेच करत होते. कोणाला साधे ओरखडलेही नाही. दुसऱ्या बाजूला वाटे, विनंतीची अट घातली होती ती सैनिक वाईट असतात म्हणून नव्हे. ते बाहेर कधी पडणार हे ठरवणारा कोणी दुसरा असावा म्हणून. सैनिक स्वतःच ठरवू लागला की मी चांगल्या कामासाठी बाहेर पडतो, तर चांगले काय हेही तोच ठरवणार. वादळातल्या झाडांना राजकारण नसते. विद्यापीठासमोरच्या विटांना होते. बादली हातात असलेला सैनिक मला अजूनही आवडतो, पण त्याला कोणी पाठवले हे विचारल्यावाचून आता राहवत नाही.

त्या वर्षीची शिबंदीची अदलाबदल २९ ऑगस्टच्या पहाटे झाली. आमच्या घरातला गाळ तेव्हा नुकता निघाला होता. चिनी वृत्तसंस्थेने नेहमीप्रमाणे निवेदन काढले, नेहमीचीच फेरी आहे म्हणून. आदल्या वर्षीच्या निवेदनात सैनिकांची संख्या आणि सामग्री यांत बदल झालेला नाही असे एक वाक्य होते. २०१९ च्या निवेदनात ते वाक्य नव्हते. पुढे परदेशी वृत्तसंस्थांनी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या हवाल्याने लिहिले की शिबंदी दहा-बारा हजारांवर गेली आहे. मी दोन्ही निवेदने वर्गात वाचून दाखवली. सरांनी एकदा ऐकले, मग म्हणाले, "ते गाळलेलं वाक्य फळ्यावर लिही." मी लिहिले, आणि तास संपेपर्यंत ते तसेच राहिले.