वर्सोव्याच्या वाळूखालचं इंटरनेट

६ सप्टेंबर २०२५ रोजी सौदी अरेबियातल्या जेद्दाजवळ तांबड्या समुद्राच्या तळाशी असलेल्या केबल्स तुटल्या आणि भारतापासून आखातापर्यंत इंटरनेट रेंगाळलं. मध्यपूर्वेतून जाणारी माहिती पोहोचायला उशीर होईल, असं मायक्रोसॉफ्टला आपल्या अझूर सेवेच्या ग्राहकांना कळवावं लागलं. ज्यांची नावं पुढे आली त्या सी-मी-वी-४ आणि आय-मी-वी या दोन्ही केबल्स मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. जेद्दाचा बिघाड इथे जाणवला तो त्यामुळेच.

परदेशांशी होणारी माहितीची देवाणघेवाण उपग्रहांवरून चालते, असा समज अजूनही आहे. प्रत्यक्षात देशादेशांमधली ९५ टक्क्यांहून अधिक वाहतूक समुद्रतळावरच्या केबल्समधूनच होते. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०२३च्या अहवालाच्या वेळी भारतात अशा १७ आंतरराष्ट्रीय केबल्स १४ लँडिंग स्टेशनांवर उतरत होत्या. शहरं मात्र पाचच: मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम. यांतही मोठा भार मुंबई आणि चेन्नई या दोघींवर. मुंबईत येणाऱ्या बहुतेक केबल्स वर्सोव्याच्या आसपासच्या जेमतेम काही किलोमीटरच्या किनारपट्टीवर वर येतात.

दीडशे वर्षांची वाट

मुंबईचं हे स्थान इंटरनेटपेक्षा फार जुनं आहे. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळातलं जगातलं सर्वांत मोठं जहाज १८७० साली तारायंत्राची केबल पोटात घेऊन मुंबईला आलं. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. फेब्रुवारीत त्याने मुंबईहून एडनच्या दिशेने केबल सोडायला सुरुवात केली. ती पुढे सुएझपर्यंत गेली आणि त्याच वर्षी जूनमध्ये लंडन-मुंबई तार सुरू झाली. पत्राला जिथे आठवडे लागत, तिथे निरोप मिनिटांत पोहोचू लागला.

तांब्याची तार जाऊन काच आली, तरी वाट तीच राहिली. मुंबई, अरबी समुद्र, एडनजवळची बाब-अल-मांदेब सामुद्रधुनी, तांबडा समुद्र, इजिप्त आणि मग भूमध्य समुद्र. युरोपकडे जाण्याचा सर्वांत जवळचा सागरी मार्ग हाच आहे. केबल्स आल्या म्हणून शेअर बाजार, बँका, नवी मुंबईतली डेटा सेंटर्स यांची सोय झाली आणि डेटा सेंटर्स वाढली म्हणून आणखी केबल्स इकडे वळल्या. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा जवळपास निम्मा वाटा आज मुंबई महानगरात आहे.

आत काय असतं?

खोल समुद्रातली केबल बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढीच जाड असते. तिच्या मधोमध काचेचे तंतू, त्यांच्याभोवती पोलादी तारा, तांब्याची नळी आणि बाहेर पॉलिथिनचं आवरण. प्रत्येक तंतूचा व्यास १२५ मायक्रॉन आणि प्रकाश ज्यातून धावतो तो गाभा फक्त ९ मायक्रॉनच्या आसपास. गाभ्याची काच भोवतालच्या काचेपेक्षा किंचित जास्त अपवर्तनांकाची असल्याने प्रकाश बाहेर न पडता आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून संदेश दूरवर नेता येईल, हे चार्ल्स काव यांनी १९६६मध्ये मांडलं. त्यासाठी २००९चं नोबेल त्यांना मिळालं.

काच कितीही शुद्ध असली तरी साधारण ५० किलोमीटरवर प्रकाशाचा दहावा हिस्सा उरतो, १०० किलोमीटरवर शंभरावा. म्हणून दर ६० ते १०० किलोमीटरवर एक रिपीटर बसवलेला असतो. त्यात एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या काचेचा तुकडा असतो. वेगळ्या लेझरने एर्बियमचे अणू आधीच उत्तेजित करून ठेवलेले असतात. थकलेला संदेश तिथे पोहोचला की हे अणू त्याच तरंगलांबीचा प्रकाश सोडतात आणि संदेश पुन्हा ताजातवाना होतो. समुद्राखालच्या या यंत्रांना वीज मिळते ती किनाऱ्यावरून, तांब्याच्या त्याच नळीतून. लांब केबलसाठी या विजेचा दाब दहा हजार व्होल्टच्या घरात जातो.

एका तंतूत वेगवेगळ्या तरंगलांबीचे अनेक प्रवाह एकाच वेळी वाहतात. आधुनिक केबलमधली तंतूंची एक जोडी सेकंदाला २० टेराबिटपर्यंत माहिती नेऊ शकते. पाच गिगाबाइटचा एक चित्रपट धरला, तर सेकंदाला पाचशे चित्रपट. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटर, म्हणजे दहा हजार किलोमीटरचा पल्ला तो एका सेकंदाच्या विसाव्या भागात गाठतो. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. तिथवर जाऊन परत यायलाच पाव सेकंद जातो.

किनाऱ्याला लागताना

केबल उतरवण्याचं काम पावसाळा संपल्यावर, समुद्र शांत असताना होतं. जहाज पुरेशा खोलीच्या पाण्यात थांबतं. केबलचं टोक फुगे बांधून पाण्यावर तरंगत ठेवतात आणि किनाऱ्यावरून विंचने ओढून घेतात. टोक वाळूवर आलं की पाणबुडे एकेक फुगा कापत जातात आणि केबल हळूहळू तळाला बसते. किनाऱ्याजवळच्या भागात तिच्यावर ओतीव लोखंडाच्या अर्धनळ्यांची चिलखतासारखी जोडणी करतात. मग ती पुळणीखालच्या काँक्रीटच्या खोलीत, म्हणजे बीच मॅनहोलमध्ये, शिरते आणि तिथून जमिनीखालून लँडिंग स्टेशनला जाते. काम आटोपल्यावर वर उरतं ते फक्त एक झाकण.

धोका असतो तो केबलच्या समुद्रातल्या भागाला. जगभरात दरवर्षी दीडशे ते दोनशे ठिकाणी केबल्सना इजा होते आणि तिच्यामागे बहुतेक वेळा मासेमारीची जाळी किंवा जहाजांचे नांगर असतात. हे घडतं प्रामुख्याने उथळ पाण्यात. मुंबईसमोरचा उथळ समुद्र तर दोनशे किलोमीटरहून लांबवर पसरलेला आहे. त्यातच बॉम्बे हायचे तेलफलाट, बंदरांकडे येणारी मोठी जहाजं, ट्रॉलर आणि कोळ्यांची डोलजाळी. म्हणून या पट्ट्यात केबल शेतातल्या नांगरासारख्या अवजाराने तळात गाडतात. केबल टाकताना वाटेतली जाळी काढून घ्यावी लागतात आणि त्या दिवसांचा धंदा बुडतो. नुकसानभरपाईचा प्रश्न तिथूनच उभा राहतो. केबल सुरक्षित राहावी असं वाटत असेल, तर तिचा नकाशा आणि रास्त मोबदला कोळीवाड्यापर्यंत वेळेत पोहोचलाच पाहिजे.

तुटलेली केबल शोधायला प्रकाशाचा स्पंद पाठवून तो परतायला लागलेला वेळ मोजतात. एक मायक्रोसेकंद म्हणजे शंभर मीटर. मग दुरुस्ती जहाज गळ टाकून दोन्ही टोकं वर काढतं. जहाजावरचा तंत्रज्ञ प्रत्येक तंतूचं टोक सरळ छाटतो, सूक्ष्मदर्शकाखाली समोरासमोर आणतो आणि विजेच्या ठिणगीने काच वितळवून जोडतो. जोड पक्का व्हायला बरेच तास लागतात. त्याहून जास्त वेळ जातो जहाज येण्यात आणि परवानग्यांत.

भारतासाठी दुखणं नेमकं इथे आहे. ‘ट्राय’ने जून २०२३मध्ये केलेल्या शिफारशींत भारतीय ध्वजाच्या दुरुस्ती जहाजांचा आग्रह धरला. किनाऱ्यापासून आपल्या सागरी हद्दीपर्यंत केबलचे तुकडे आधीच टाकून ठेवावेत, म्हणजे नव्या केबल्सना लवकर जोडता येईल, असंही सुचवलं. दरम्यान, ऑक्टोबर २०२५मध्ये गूगलने विशाखापट्टणमला केबल्स उतरवण्याची घोषणा केली. भार पूर्वेकडे वाटला जाणं चांगलंच आहे. भूगोल बदलत नसल्यामुळे पश्चिमेकडची वाहतूक मात्र मुंबईकडे येतच राहील. म्हणूनच पश्चिम किनाऱ्यावर वर्सोव्यापासून दूर आणखी एक उतरण्याची जागा आणि हाकेच्या अंतरावर स्वतःचं दुरुस्ती जहाज, या दोन गोष्टींना आता उशीर परवडणारा नाही.