काहिलीपाशी उभ्या माणसाचा विमा कुठाय?

सोलापूर हायवे सोडून राहूच्या रस्त्याला लागलात की दोन गोष्टी सोबत येतात. दोन्ही बाजूंचा ऊस आणि गुऱ्हाळाचा गोड वास. एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला भीमा आणि भीमा ओलांडली की शिरूर तालुका. या बेटातल्या तुमच्यापैकी कितीतरी जण वडिलांसोबत गुऱ्हाळ बघतात. कुणी चौकात मोबाइलचं दुकान टाकलंय, कुणी गॅरेज. चार-आठ माणसं हाताखाली असतात. पगार रोख, हिशोब वहीत. ‘आपला धंदा छोटा, आपल्याला कुठले कायदे?’ हे वाक्य तर पाठच.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. काहिलीत पाक उकळतोय. गुळव्याचा पाय घसरला आणि कोपरापर्यंत हात भाजला. गाडी काढून तुम्ही पुण्याच्या दवाखान्यात पोचलात. काउंटरवरचा पहिला प्रश्न असतो, ‘विमा आहे का?’

तुमच्याकडे उत्तर आहे?

कराला छोटा-मोठा कळत नाही

आधी कराचं बघू. वस्तूंची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर बहुतेकांना जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यामुळे ‘आपण टॅक्समध्ये नाही’ असा समज होतो. पण राज्याचा व्यवसाय कर वेगळा. महाराष्ट्राचा हा कायदा १९७५ चा. धंदा करणाऱ्याने स्वतःसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षाला २,५०० रुपये भरायचे. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार कुठल्याही राज्याला एका माणसाकडून यापेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही.

कामगारांचा व्यवसाय कर पगारातून कापून भरायची जबाबदारीही मालकाचीच आणि त्यासाठी वेगळी नोंदणी. महिना ७,५०० रुपयांपर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५, त्यावर २०० आणि फेब्रुवारीत ३००. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंतच्या पगारावर माफी आहे.

या कराच्या मुळाशी एक चांगली गोष्ट आहे. तो आला रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. नोकरदार-व्यावसायिकांकडून घ्यायचं आणि दुष्काळात खडी फोडणाऱ्याला काम द्यायचं, असा तो हिशोब. म्हणजे कष्टकऱ्याची काळजी आणि धंद्यावरचा कर यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे.

विम्याला मात्र कळतं

कामगारांच्या आरोग्य विम्याचा मोठा कायदा म्हणजे १९४८ चा राज्य विमा कायदा, आपल्या बोलण्यातला ‘ईएसआय’. पगार २१,००० पर्यंत असेल तर मालकाने ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के भरायचे. १२,००० पगार धरला तर मालकाचे ३९० आणि कामगाराचे ९०. महिन्याला एकूण ४८० रुपयांत कामगाराचं अख्खं कुटुंब उपचारांच्या छत्राखाली येतं. बाजारात या किमतीला असं काही मिळत नाही.

पण इथे डोकी मोजतात. सक्ती सुरू होते दहा माणसांपासून. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने दहापेक्षा कमी माणसं असणाऱ्यांनाही स्वेच्छेने सामील व्हायची वाट उघडली. गॅरेजवाल्यांनो, दुकानदारांनो, ही तुमच्यासाठी आहे.

आणि गुऱ्हाळ? ‘हंगामी कारखाने’ या कायद्याबाहेर आहेत. त्यांच्या व्याख्येत कापूस पिंजणी, चहा, कॉफी यांच्यासोबत साखरेचं नाव आहे आणि कंसात स्पष्ट लिहिलंय, ‘गुळासह’. दहा माणसं असली तरी फक्त गूळ करणारं गुऱ्हाळ ईएसआयमध्ये बसत नाही. नवी संहिताही हंगामी कारखान्यांना बाहेरच ठेवते. राहूचा मुख्य धंदा नेमका या फटीत अडकलाय.

बरं, विमा नाही म्हणून जबाबदारी टळते का? अजिबात नाही. कामावर असताना अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हे १९२३ च्या कायद्यापासून चालत आलंय. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकानेच भरून द्यायचा. थोडक्यात, ईएसआय नसलेल्या गुऱ्हाळात दवाखान्याचं बिल थेट तुमच्या खिशावर येतं. वर्षभराचा नफा एका भाजलेल्या हातात जाऊ शकतो. आणि तुम्ही हात वर केलेत तर त्या माणसाच्या घरचं सगळंच जातं.

मग करायचं काय?

चुलवाण पेटवायच्या आधी एक दुपार काढा आणि एवढं करा.

पहिलं, सगळ्यांची कागदपत्रं बघा. महाराष्ट्रातल्या माणसाकडे रेशनकार्ड असेल, अगदी पांढरं असलं तरी, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ठरावीक आजार आणि योजनेतलीच रुग्णालयं. जवळचं कुठलं, ते १५५३८८ वर आधीच विचारून ठेवा. घाईच्या वेळी ते शोधत बसायला वेळ नसतो.

दुसरं, उत्तर प्रदेशातून आलेल्या कारागिरांना त्यांच्या गावाकडचं आयुष्मान कार्ड आहे का विचारा. त्यांचं नाव यादीत असेल तर ते कार्ड इथल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं. कित्येकदा ते गावी पेटीत पडलेलं असतं.

तिसरं, बँक खातं असलेल्या प्रत्येकाची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना सुरू करा. वर्षाला २० रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. एक लक्षात ठेवा, यात दवाखान्याचं बिल मिळत नाही.

चौथं, कामगार भरपाईची पॉलिसी घ्या. भरपाईचा बोजा विमा कंपनीकडे जातो. उपचाराचा खर्च त्यात धरलाय का, हे मात्र सही करण्याआधी विचारा.

खासगी आरोग्य विमा घेणार असाल तर एक गंमत बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. पण मालकाने कामगारांसाठी घेतलेल्या ग्रुप पॉलिसीवर तो तसाच आहे. म्हणजे स्वतःच्या घरापुरतं बघणाऱ्याला सूट आणि चार माणसांचं बघणाऱ्याला कर! हा प्रश्न पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्यांना जरूर विचारा. गुळाला ‘हंगामी’ म्हणून बाहेर का ठेवलं, तेही विचारा.

तोवर आपल्या हातातलं आपण करू. ढेपेचा भाव आपल्या हातात नाही, उसाचा उतारा नाही, पाऊस तर नाहीच. काहिलीपाशी उभ्या माणसाची कागदपत्रं मात्र आहेत. आज संध्याकाळी गुऱ्हाळावर गेलात की सुरुवात करा.