खेळाची काठिण्यपातळी व खेळाची गोडी

पुष्कळशा व्हिडिओ खेळांत आरंभीच ‘सोपी, मध्यम, कठीण’ यांपैकी काठिण्यपातळी निवडण्याची सोय असते. या सोयीचे मर्म शिक्षकांनी जाणून घेण्याजोगे आहे. खेळ फार सोपा असला तर कंटाळा येतो. फार कठीण असला तर धीर सुटतो. अंगच्या कौशल्यास किंचित ताण पडेल, तेथेच गोडी टिकते. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली हेच तत्त्व आपल्या ग्रंथात मांडले.

तथापि, नुसत्या पातळ्या ठेवून भागत नाही. १९९२ सालच्या ‘वुल्फेनस्टाईन थ्री-डी’ या खेळात सर्वांत सोप्या पातळीपाशी नायकाच्या डोक्यावर तान्ह्या बाळाचे टोपडे व तोंडात चोखणी दाखविली आहे. अशा थट्टेने नवखा खेळाडू आपल्याला झेपणारी पातळी निवडण्यास संकोचतो. याउलट २०१८ सालचा ‘सेलेस्ट’ हा पर्वतारोहणाचा खेळ पाहावा. तो मुळात अतिशय कठीण आहे. परंतु त्यात साहाय्याची निराळी योजना आहे. तीमध्ये खेळाचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो, एखादे प्रकरण गाळताही येते. आणि त्याबद्दल कोणी उपहास करीत नाही.

वर्गातही हाच न्याय लागू पडतो. सोपे उदाहरण मागणाऱ्या मुलास एकदा हसले, की ते पुन्हा मागत नाही. वही कोरी ठेवून बसते. यास्तव गणिताची उदाहरणे चढत्या क्रमाने फळ्यावर मांडावीत, आरंभ कोठून करावयाचा हे मुलास ठरवू द्यावे, आणि एक उदाहरण जमताच पुढचे दाखवावे.